वॉर्ड, प्रभाग, जिल्हा: झूम बदलला की हद्दी का फाटतात?

तिरकी_रेघ

मंडळी, मुंबईचे तीन थर एकाच वेब नकाशावर दाखवायचे आहेत. २२७ निवडणूक प्रभाग, माझ्या फाइलीतले २४ प्रशासकीय वॉर्ड आणि शहर-उपनगर हे दोन जिल्हे. झूम १० ला जिल्हे, ११-१२ ला वॉर्ड, १३ पासून प्रभाग आणि त्यावर वॉर्डाची जाड रेघ. फाइल जड होते म्हणून पोस्टजीआयएसमध्ये (नकाशांचा डेटाबेस) एसटी_सिम्प्लिफाय_प्रिझर्व्ह_टोपोलॉजी हे फंक्शन वापरून तिन्ही थर वेगवेगळे हलके केले, म्हणजे रेघांमधले बिंदू कमी केले. टॉलरन्स (रेघ किती सरकलेली चालेल) अनुक्रमे ०.०००१, ०.०००५ आणि ०.००१.

आता शेजारच्या वॉर्डांमध्ये पांढऱ्या फटी दिसतात, काही ठिकाणी एक वॉर्ड दुसऱ्यावर चढलाय. झूम १३ ला वॉर्डाची जाड रेघ प्रभागांच्या रेघेवर बसत नाही. आणि शीवचा दवाखाना झूम ११ ला एफ/उत्तर सोडून एल वॉर्डात, म्हणजे थेट दुसऱ्या जिल्ह्यात जातो.

प्रश्न: नावातच 'टोपोलॉजी जपतो' असं असताना फटी का? आणि तिन्ही थरांना एकच भूमिती ठेवावी की प्रत्येक झूमची वेगळी?

खाडीपलीकडे

जागा पकडून बसलोय. चहा आणा कुणीतरी.

चिरा_आणि_फटी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, फक्त ते फंक्शनचं नाव फसवं आहे. ते जपतं ती एका पॉलिगॉनची (बंद आकाराची) स्वतःची टोपोलॉजी, म्हणजे रेघा एकमेकींना कुठे जोडलेल्या आहेत ते: कडी स्वतःला छेदणार नाही, भोक बाहेर पडणार नाही. शेजारी कोण आहे हे त्याला ठाऊकच नसतं, कारण ते एका वेळी तक्त्यातली एकच ओळ, म्हणजे एकच पॉलिगॉन बघतं.

आतमध्ये चालतो डग्लस-पॉयकर, रेघ हलकी करण्याचा १९७३ चा अल्गोरिदम. दोन टोकं धरायची, मधला सगळ्यात लांबचा बिंदू टॉलरन्सपेक्षा दूर असेल तर ठेवायचा, तिथून दोन तुकडे करून पुन्हा तेच. म्हणजे कुठला बिंदू राहणार हे टोकं कुठे आहेत यावर ठरतं. एफ/उत्तरची कडी समजा वडाळ्याच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि एलची कुर्ल्याच्या. सामाईक हद्द तीच, बिंदू तेच, पण सुरुवात वेगळी म्हणून उरलेले बिंदू वेगळे. एकाची रेघ इकडे, दुसऱ्याची तिकडे, मध्ये फट. टॉलरन्स कमी केलात तर फट बारीक होईल, जाणार नाही.

पूर्व_पश्चिम

शीवहून कुर्ल्याला एवढ्या स्वस्तात कुणी गेलं नसेल. पूल नाही, तिकीट नाही.

मीटरवाला

रेघताई, आधी टॉलरन्सचं एकक बघा. अंशात सिम्प्लिफाय करताय. मुंबईच्या अक्षांशाला एक अंश रेखांश साधारण १०५ किलोमीटर आणि एक अंश अक्षांश साधारण १११. म्हणजे ०.००१ हा पूर्व-पश्चिम १०५ मीटर आणि उत्तर-दक्षिण १११ मीटर. हा फरक चालून जाईल, पण अंशात विचार केला की झूमशी नातं तुटतं, हा खरा तोटा. ईपीएसजी ३२६४३ या मीटरमधल्या प्रक्षेपणात घ्या, मीटरमध्ये बोला. वेब मर्केटरमध्ये (वेब नकाशांचं नेहमीचं प्रक्षेपण) करू नका, तिथला मीटर मुंबईत जवळजवळ पावणेसहा टक्के फुगलेला असतो.

मग टॉलरन्स पिक्सेलवरून काढायचा. २५६ पिक्सेलच्या टाइलला (नकाशाचा चौकोनी तुकडा) आपल्याकडे झूम १० चा पिक्सेल साधारण १४४ मीटर, ११ चा ७२, १२ चा ३६, १३ चा १८. अर्धा पिक्सेल धरा: ७२, ३६, १८, ९. तुमचं वॉर्डांचं ०.०००५ म्हणजे ५५ मीटरच्या आसपास, झूम १२ ला दीड पिक्सेल. फट दिसणारच.

एकमूळ

दोन्ही बरोबर, पण मूळ चूक त्याच्या आधीची आहे. तीन थर वेगवेगळे हलके करायचेच नाहीत. सगळ्यात बारीक थर मूळ माना (इथे प्रभाग), बाकी सगळं त्यातून काढा.

क्रम असा. प्रभागांचा थर ३२६४३ मध्ये आणा. एसटी_कव्हरेज_इनव्हॅलिड_एजेस चालवा, फट-रुंदी १ मीटर देऊन (कव्हरेज म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या पॉलिगॉनांचा अख्खा थर). जिथे शेजाऱ्यांच्या कडा जुळत नाहीत त्या रेघा तो हातात देतो. त्या आधी दुरुस्त करा, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टोपोलॉजिकल एडिटिंग आणि स्नॅपिंग (जवळचे बिंदू एकमेकांना चिकटवणं) चालू ठेवून, किंवा पोस्टजीआयएस ३.६ असेल तर एसटी_कव्हरेज_क्लीनने. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग एसटी_कव्हरेज_सिम्प्लिफाय, ३.४ पासून आहे. हे विंडो फंक्शन आहे, म्हणजे 'ओव्हर' लावून सगळे पॉलिगॉन एकत्र द्यायचे. तो सामाईक कड एकदाच हलकी करतो आणि दोन्ही शेजाऱ्यांना तीच देतो. मग वॉर्डाच्या कोडवर एसटी_कव्हरेज_युनियन (तुकडे जोडून एक करणं), त्यातून वॉर्ड. वॉर्डांतून जिल्हे.

वॉर्डाची जी वेगळी फाइल कुठून तरी मिळाली असेल ती टाकून द्या. दोन वेगळ्या हातांनी गिरवलेल्या रेघा कधीही जुळत नाहीत.

तिरकी_रेघ

वॉर्डांची फाइल खरंच वेगळ्या ठिकाणची आहे. प्रभाग वॉर्डात पूर्ण बसतात हे धरून चालायचं का?

एकमूळ

धरून चालायचं नाही, मोजायचं. प्रत्येक प्रभाग आणि प्रत्येक वॉर्ड छेदून क्षेत्रफळाचा वाटा काढा. एका वॉर्डात ९८ टक्क्यांहून जास्त असेल तर उरलेलं गिरवण्यातलं आहे, कोड लावून टाका. ९८ च्या खाली जे येतील ते डोळ्यांनी बघा आणि अधिसूचनेतलं चतुःसीमेचं वर्णन वाचा. हद्द 'रस्त्याच्या मध्यातून' आहे की 'रस्त्याच्या पूर्व कडेने', एवढ्यावर ३० मीटर इकडेतिकडे होतात.

चिरा_आणि_फटी

एकमूळ, क्रमाला हरकत आहे. आधी हलकं करून मग युनियन केलंत तर झूम १० चे जिल्हे जड राहतात. कव्हरेज सिम्प्लिफाय नोड हलवत नाही, म्हणजे जिथे तीन पॉलिगॉन भेटतात तो बिंदू. वॉर्डाच्या हद्दीवर जिथे जिथे दोन प्रभागांची आतली रेघ येऊन टेकते तिथे प्रत्येक ठिकाणी नोड. युनियननंतर आतली रेघ जाते, टेकलेला बिंदू मात्र खिळ्यासारखा राहतो. झूम १० ला सरळ दिसायला हवी ती रेघ उगाच दातेरी.

उलट, आधी युनियन मग सिम्प्लिफाय केलं तर रेघ छान, पण झूम १३ ला प्रभागाशी जुळणार नाही, ताईंची दुसरी तक्रार तीच.

तेव्हा ठरवायचं एवढंच की कुठल्या झूमला कुठले थर *एकत्र दिसतात*. झूम १३ ला प्रभाग आणि वॉर्ड एकत्र, तर तिथे ९ मीटरने प्रभाग हलके करा आणि त्यातूनच वॉर्ड बनवा. झूम ११-१२ ला फक्त वॉर्ड, तर मूळ न हलवलेल्या प्रभागांतून युनियन करून मग हलकं करा. झूम १० ला जिल्हेच, तसंच. झूम १० ची रेघ झूम १३ च्या रेघेवर बसलीच पाहिजे असा हट्ट का? त्या दोन्ही पडद्यावर कधी एकत्र येत नाहीत. जुळायला हवेत ते कोड: कोण कुणाच्या आत, कोण कुणाचा शेजारी.

एकमूळ

मान्य. खिळ्यांचा मुद्दा सुटला होता.

डबा_बंद

पोस्टजीआयएस नसलेल्यांसाठी: मॅपशेपर, नकाशाच्या फाइली हलक्या करायचं साधन. तिन्ही फाइली 'कम्बाइन-फाइल्स' देऊन एकत्र उघडल्या की त्यांची टोपोलॉजी सामाईक होते आणि एकच सिम्प्लिफाय तिघांना लागतो. अर्थात बिंदू हुबेहूब तेच असतील तरच. वेगवेगळ्या ठिकाणच्या फाइली एकत्र उघडून काही होत नाही.

टक्के देऊ नका, 'इंटरव्हल' द्या. १० टक्के म्हणजे मूळ बिंदूंच्या १० टक्के. उद्या कुणी मूळ रेघेत दुप्पट बिंदू घातले की तेच १० टक्के वेगळं चित्र देतात. इंटरव्हल मीटरमध्ये असतो, मीटर मीटरच राहतो. आणि 'कीप-शेप्स' विसरलात तर छोटी बेटं गायब.

टोपोजेसन (सामाईक कडा एकदाच साठवणारा फाइल-प्रकार) काढणार असाल तर क्वांटायझेशन बघा, म्हणजे बिंदू ठरावीक खान्यांवर गोल करणं. नेहमीचं १०,००० दिलं तर ती पूर्ण चौकट दहा हजार खान्यांत वाटली जाते. फक्त मुंबई असेल तर उत्तर-दक्षिण ४२ किलोमीटर, म्हणजे खाना सव्वाचार मीटरचा, ठीक. त्याच फाइलीत अख्खा महाराष्ट्र टाकलात तर खाना ८० मीटरचा. बी आणि सी वॉर्डाच्या प्रभागांचा बट्ट्याबोळ.

रूळ_ओलांडू_नका

सगळे हद्दींवर बोलताय म्हणून हे सुटसुटीत वाटतंय. हद्दीला जाडी नसते. रस्ते आणि रूळ घेऊन बघा, मग 'एक मूळ, बाकी सगळं आपोआप' हे कसं कोसळतं ते कळेल.

दादर घ्या. पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे शेजारी, दोन्ही बाजूंना रस्ते, मध्ये इमारतींची पट्टी. १:५०,००० ला छापील रेघ ०.८ मिलिमीटरची असेल तर जमिनीवर ती ४० मीटर रुंद. दोन रेल्वे, दोन रस्ते, प्रत्येकी ४० मीटर, मध्ये दिसेल एवढी मोकळी जागा. मावतच नाही. मग सरकवावं लागतं: रेल्वे जागेवर, रस्ता बाहेर, इमारती त्याहून बाहेर. हा क्रम चुकला की रस्त्याच्या पूर्वेची इमारत पश्चिमेला जाते. कुठलाही टॉलरन्स हे करून देत नाही. हे हाताने होतं, आणि मूळ डेटा बदलला की 'आपोआप काढणाऱ्या' पद्धतीत ते हाताचं काम पुसलं जातं.

पूर्व_पश्चिम

दादरला इमारत पश्चिमेला गेली तर भाव वाढेल की हो.

एकमूळ

हाताचं काम पुसलं जाऊ नये म्हणून ते काढलेल्या थरात करायचं नसतं. वेगळ्या तक्त्यात ठेवायचं: घटकाचा कायमचा कोड, कुठल्या प्रमाणाला, किती सरकवलं, आणि तेव्हाच्या मूळ भूमितीचा हॅश (भूमिती बदलली की बदलणारा ओळख-आकडा). पुन्हा बांधणी करताना हॅश तोच असेल तर सरकवणं लागू करा, बदलला असेल तर ते काम माणसाकडे पाठवा. दर वेळी अख्खा नकाशा नाही, फक्त बदललेले घटक.

रूळ_ओलांडू_नका

हे चालेल, पण कोड एकास एक नसतो. पश्चिम द्रुतगती महामार्ग १:५,००० ला दोन वेगळ्या रेघा, प्रत्येक दिशेची एक, शिवाय उड्डाणपूल, खालचा रस्ता, चढ-उताराच्या फांद्या. १:५०,००० ला एक रेघ. तिथे जोडतक्ता लागतो: जाड रेघेचा कोड, बारीक रेघेचा कोड, आणि जाड रेघेवर कुठल्या मीटरपासून कुठल्या मीटरपर्यंत. तो असला की बारीक तुकड्याचं नाव बदलल्यावर जाड रेघेवर काय तपासायचं हे कळतं. नसला की शोधत बसा.

मार्ग शोधणं कायम बारीक जाळ्यावरच करा. जाड रेघेवर उड्डाणपूल आणि खालचा रस्ता एकमेकांना छेदताना दिसतात, तिथे चौक आहे असं यंत्र समजतं आणि गाडी पुलावरून खाली उडी मारते.

आणि रस्ते गाळताना आंधळेपणाने 'गल्ली' वर्ग काढून टाकू नका. किती ठेवायचे याचा टॉप्फर या नकाशाशास्त्रज्ञाचा वर्गमुळाचा नियम अजूनही चांगला अंदाज देतो. १:१०,००० वरून १:५०,००० ला जाताना एक पंचमांशाचं वर्गमूळ, साधारण ०.४५. हजारातले साडेचारशे. कुठले, हे नियम सांगत नाही. सलग सरळ जाणारे आधी, बंद गल्ल्या शेवटी, आणि प्रत्येक वेळी जाळं तुटलं नाही ना हे बघून. भुलेश्वरमध्ये सगळंच गल्ली वर्गात असेल तर अख्खा भाग कोरा होतो.

मीटरवाला

+१. शिवाय नदी. पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठी बारीक प्रमाणात पॉलिगॉन, मोठ्या भागाच्या नकाशात रेघ. ही रेघ पॉलिगॉनच्या मध्यातून काढा, दुसरीकडून आणू नका. आणि समोच्च रेषा वेगळ्या हलक्या केल्यात तर नदी डोंगर चढते. आधी उंचीचा रास्टर (चौकोनी खान्यांचा थर) गुळगुळीत करा, त्यातून समोच्च रेषा काढा, दरीतला कोन नदीवर बसतोय का बघा.

खाडीपलीकडे

किनाऱ्याचं कुणी बोललंच नाही. वॉर्डांची बाहेरची हद्द आणि किनारा हे दोन थर कधीच जुळत नाहीत. शिवडीला चिखल कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते हे कुणाला विचारणार? भरतीला एक, ओहोटीला दुसरी.

चिरा_आणि_फटी

जुळवायचेच नाहीत. वॉर्डांची बाहेरची कड समुद्रात, खाडीत मोकळी सोडा, दोन-तीन किलोमीटर बाहेर ढकला. दाखवताना त्या झूमच्या किनाऱ्याने कापा. प्रत्येक झूमला किनारा एकच, वॉर्ड, प्रभाग, जिल्हे सगळे त्याच कात्रीने कापलेले. भराव पडला, किनारा बदलला, तरी वॉर्डांच्या थराला हात लावायचा नाही. फक्त ठाणे खाडीच्या मध्यरेषेपलीकडे ढकलू नका, नवी मुंबई तुमच्यात येईल.

किनाऱ्यासाठी कुठली पाणीपातळी धरली ते रकान्यात लिहा. भरतीरेषा, सरासरी समुद्रसपाटी आणि सागरी नकाशांची आधारपातळी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उधाणाला मुंबईत पाणी जवळजवळ पाच मीटर चढतं-उतरतं, सपाट चिखलावर ते आडवं शेकडो मीटर होतं. एका झूमला एक पातळी आणि दुसऱ्याला दुसरी असेल तर कितीही सिम्प्लिफाय केलं तरी जुळणार नाही, आणि माणूस टॉलरन्सला दोष देत बसतो.

मीटरवाला

आणि लांबी कधीही हलक्या रेघेवरून मोजू नका. देशाचा किनारा वर्षानुवर्षं ७,५१६.६ किलोमीटर होता, नव्या मोजणीत ११,०९८.८१ झाला. समुद्र वाढला नाही, मोजणी १:४५,००,००० ऐवजी १:२,५०,००० वर झाली.

सीआरझेडचंही (किनारी नियमन क्षेत्र) तसंच. १:२५,००० चा आराखडा मोठा करून इमारतीवर ठेवायचा आणि 'आत की बाहेर' भांडायचं. अर्धा मिलिमीटर म्हणजे तिथे साडेबारा मीटर, रेघेची जाडीच तेवढी. म्हणून तर स्थानिक पातळीला १:४,००० चे नकाशे आहेत.

डबा_बंद

अवांतर: घारापुरी मुंबईत टाकू नका. दिसते मुंबईजवळ, जिल्हा रायगड. 'जवळच्या वॉर्डाला जोडा' असा नियम लावून फटी भरल्या की हमखास होतं. फट भरताना ज्या शेजाऱ्याशी सगळ्यात लांब सामाईक कड आहे त्याला द्या, आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या वर असेल तर भरूच नका, माणसाला दाखवा.

जनगणनावाला

भूमिती जुळली तरी आकडे जुळले पाहिजेत. २०११ ला शहर ३०,८५,४११ आणि उपनगर ९३,५६,९६२, बेरीज १,२४,४२,३७३. वॉर्डांची बेरीज याच्याशी एकनएक जुळायला हवी, आणि ती कोडवर करायची, क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून नाही. राष्ट्रीय उद्यानाचा मोठा तुकडा ज्या वॉर्डांत आहे तिथे क्षेत्रफळाने लोक वाटलेत तर बिबट्यांची जनगणना होते.

क्षेत्रफळाचे दोन रकाने ठेवा: अधिकृत आणि मूळ भूमितीवरून काढलेलं. हलक्या भूमितीवरून तिसरं काढूच नका.

आणि तारखा! प्रभाग क्रमांक ही ओळख नव्हे. २०१२ लाही २२७ आणि २०१७ लाही २२७, पण हद्दी नव्याने आखलेल्या. मध्ये २३६ करायचं ठरलं, २०२२ मध्ये पुन्हा २२७ वर आलं. 'कधीपासून-कधीपर्यंत' हे रकाने प्रत्येक पातळीला हवेत, नाहीतर २०१२ चे प्रभाग आणि २०१७ ची मतं एकत्र येतात आणि नकाशा दिसायला मात्र झकास.

तिरकी_रेघ

खूपच उपयोगी. झूम १३ ला ९ मीटरने प्रभाग आणि त्यातूनच वॉर्ड केले, बाकीचे मूळ प्रभागांतून. फटी गेल्या, जाड रेघ बसली. बांधणीनंतर कुठल्या चाचण्या ठेवू? आणि दवाखान्यांचा प्रश्न उरलाच आहे.

एकमूळ

संख्या: २२७, २४, २, कुठलाही कोड गायब नाही. प्रत्येक प्रभागाचा आतला बिंदू एसटी_पॉइंट_ऑन_सर्फेसने काढा (केंद्रबिंदू नको, कोयत्यासारख्या वाकड्या प्रभागात तो बाहेर पडतो) आणि तो त्याच झूमच्या वॉर्डात आहे का बघा. शेजाऱ्यांच्या जोड्यांची यादी मूळ थराशी ताडून पहा, वॉर्डांची वॉर्डांशी. एखादी जोडी नवी आली किंवा गेली तर तिथे कड कोसळली आहे. इनव्हॅलिड एजेस शून्य. यातलं एक जरी चुकलं तरी बांधणी थांबवा.

चिरा_आणि_फटी

आणि हे सगळं टाइल बनल्यावरही एकदा. व्हेक्टर टाइल (चित्राऐवजी रेघा साठवणारी टाइल) स्वतः बिंदू ४,०९६ खान्यांवर गोल करते. झूम ८ ला तो खाना मुंबईत ३६ मीटरचा, बारीक मान असलेला प्रभाग तिथे स्वतःलाच छेदतो. टाइल बनवायला टिपेकनू वापरत असाल तर त्याचं सिम्प्लिफाय बंद करा किंवा सामाईक सीमा ओळखण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर तुम्ही जुळवलेलं ते परत फाडेल.

दवाखान्यांसाठी: वॉर्ड कोड एकदाच, मूळ भूमितीवर काढा आणि रकान्यात कोरून ठेवा. झूमच्या हलक्या वॉर्डांशी पुन्हा छेद घेऊ नका. यादी, रंग, मोजणी सगळं रकान्यावरून. दिसण्यापुरता ठिपका रेघेपलीकडे जात असेल तर सिम्प्लिफायलाच अट घाला. विस्वलिंगमच्या (रेघ हलकी करण्याच्या दुसऱ्या) पद्धतीत बिंदू काढताना शेजारच्या दोघांसह त्रिकोण होतो. त्या त्रिकोणात एखादा दवाखाना असेल तर तो बिंदू काढायचा नाही. तयार फंक्शनमध्ये ही सोय नाही, पण पद्धत चाळीसेक ओळींत लिहून होते.

रूळ_ओलांडू_नका

ठिपका एक पिक्सेल आत सरकवला तर काय बिघडतं?

चिरा_आणि_फटी

सरकवा, पण फक्त त्या झूमच्या प्रतीत. मूळ अक्षांश-रेखांशाला हात लावलात तर पुढच्या माणसाला तो दवाखाना गटारात सापडेल.

तिरकी_रेघ

कोड मूळ भूमितीवर काढला. शीवचा दवाखाना एफ/उत्तरमध्ये आला. पण पत्ता धारावीचा (म्हणजे जी/उत्तर वॉर्डातला) असलेला एक अजूनही एफ/उत्तरमध्येच पडतो, मूळ भूमितीवरसुद्धा, झूम १८ लाही.

मीटरवाला

मग दोष हद्दीचा नाही. त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दशांशापर्यंत हुबेहूब असलेले आणखी दवाखाने यादीत आहेत का शोधा. असतील तर पत्त्यावरून जागा काढणाऱ्याला पत्ता सापडलेला नाही, त्याने पिनकोडचा मध्य देऊन टाकलाय, आणि पिनकोडही धारावीच्या ४०००१७ ऐवजी शीवचा ४०००२२ लिहिलेला असणार.

तिरकी_रेघ

तीन आहेत. एकावर एक. पिनकोड ४०००२२.